साहेबांची सही

१२ जानेवारी १९९४, बुधवार

निवृत्त बाई म्हणजे मोकळी बाई, असा सगळ्या डोंबिवलीचा समज आहे. शेजाऱ्यांचा गॅस सिलिंडर उतरवून घ्यायला मी, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहायला मी, आणि आजपासून सुमतीचं टायपिंगही माझ्याच गळ्यात.

सुमती माझ्या भावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा ती दहावीत होती, तेव्हापासून माझ्याकडे आहे. सिव्हिल इंजिनियर झाली आणि नोकरी सोडून वागळे इस्टेटमध्ये स्प्रिंगांच्या कारखान्याच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या. रस्त्यांची, मोऱ्यांची डिझाइनं करून देते. गेल्या वर्षात तिने दोन मोठ्या सरकारी कामांसाठी टेंडर भरलं. दोन्ही वेळा वरदहस्त कन्सल्टंट्स नावाच्या कंपनीने केसभराने हरवलं. सुमती म्हणते नशीब. मी म्हणते चोरी.

आता कल्याणबाहेरून महामार्गाचा वळणरस्ता निघणार आहे, त्यात नदीवर एक पूल. त्याच्या डिझाइनचं काम, आमच्याच जुन्या बांधकाम खात्याचं. लिफाफे दोन. पहिल्यात काम कोण करणार आणि त्यांचा अनुभव काय ते लिहायचं. त्यात पास झालात तरच दराचा दुसरा लिफाफा फोडतात.

"आत्या, टीम लीडर पुलाच्या कामातला पंचवीस वर्षांचा माणूस हवा," सुमती म्हणाली. "तो मी कुठून आणू? हे काम नाही मिळालं तर मार्चनंतर ऑफिस बंद."

"महिपतराव साहेब," मी म्हटलं. खात्यात ते पुलांचे इंजिनियर, बावीस वर्षं मी त्यांची स्टेनो होते. "मला नाही म्हणायचे नाहीत."

"अगं, पण रिटायर्ड इंजिनियर नुसती नावं देतात. नाव त्यांचं, काम दुसऱ्यांचं. आणि एकच माणूस दोन टेंडरांत सापडला तर दोन्ही बाद."

"साहेब त्यांतले नाहीत," मी सांगितलं. या पोरांना जग सगळं एकाच रंगाचं दिसतं.

१८ जानेवारी, मंगळवार

सुमतीच्या ऑफिसात दिवसभर टायपिंग. कॉम्प्युटर आहे, पण त्याच्या प्रिंटरच्या अक्षरांना ठिपके दिसतात. मी माझं मशीन रिक्षात घालून नेलं.

नकाशे काढणारा दामाजी कोळी आहे, खाडीकाठचा. हात चांगला आहे, कबूल करते. शाईची रेघ अशी ओढतो की आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनेही शाबासकी दिली असती. पण रोज चार वाजता कागदांची गुंडाळी घेऊन झेरॉक्सला जातो आणि पाऊण तासाने उगवतो. त्याच दुकानात वरदहस्तवाल्यांचेही कागद निघतात. विचारलं तर म्हणतो, "लाइन असते, बाई." पंधरा पानांना पाऊण तास लाइन!

सुमतीच्या कानावर घातलं. ती हसली. बापासारखी आहे, माणसांवर विश्वास ठेवून मोकळी होते. मी वहीत त्याच्या जाण्यायेण्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली आहे.

२३ जानेवारी, रविवार

शहाडला साहेबांकडे गेले. दारात चपलांचे तीन जोड. त्यांची सून मालन दार उघडून म्हणाली, "तुम्ही पण सह्यांसाठीच?" 'पण' म्हणजे काय? मी सरळ आत गेले. ही बाई मला कधीच आवडली नाही.

आतून दोन तरुण मोठे लिफाफे घेऊन निघाले. पुतण्याचे मित्र, असं साहेब म्हणाले. भिंतीवर नव्या वर्षाची चार कॅलेंडरं, चारही रस्त्यांची कामं करणाऱ्या कंपन्यांची. माणूस निवृत्त झाला तरी लोक विसरत नाहीत, ते असं.

साहेब थकलेत. मागच्या वर्षीच्या दुखण्यापासून उजवा हात कापतो. पण मला पाहून चेहरा उजळला. "मिस चौबळ! या, या. फुल्या मारून आणल्यात ना?" सही करायच्या जागी मी पेन्सिलीने फुली मारत असे, ते अजून लक्षात आहे. एका अक्षराकडे न बघता पानामागून पान सह्या केल्या. विश्वास म्हणतात तो हा.

"कुठलं काम हे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कल्याणचा वळणरस्ता आणि पूल, सर."

"हो, हो. तोच," ते म्हणाले. खात्यात काय चाललंय याची अजून बारीक माहिती ठेवतात.

जुन्या एका पुलाचा नकाशा संदर्भासाठी द्यायचं कबूल केलं. मंगळवारी दामाजीला पाठवायचं ठरलं. मला ते पसंत नव्हतं, पण दुसरं आहे कोण?

२९ जानेवारी, शनिवार

परवा सोमवारी टेंडर द्यायचं आणि आज दुपारी लक्षात आलं की साहेबांच्या माहितीची पानं अकरा आणि सह्या दहाच. शेवटच्या संमतीपत्रावर फुली मारायची मीच विसरले. शहाडला फोन लावला. मालन म्हणाली, "ते नाशिकला गेलेत, बुधवारी येतील."

तेव्हा अकराव्या पानावर मी सही केली.

यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून लिहून ठेवते. साहेब दौऱ्यावर असले की रोजच्या कागदांवर त्यांची सही मीच करत असे, त्यांच्याच सांगण्यावरून. शेवटची पाच वर्षं तर जवळजवळ सगळ्यांवरच. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला कित्त्यावरून वळण हुबेहूब उतरवायला शिकवलं होतं, नाही उतरलं तर हातावर पट्टी. इंग्रजी एमचा पहिला दांडा खाली लांब ओढायचा आणि शेवटी एक झोकदार रेघ. सात वर्षांनी केली, पण हात चुकला नाही. साहेबांनी बघितली असती तर हसले असते.

सुमतीला सांगितलं नाही. तिला उगाच कायदे सुचतात.

३१ जानेवारी, सोमवार

लिफाफ्यांना लाख लावून दामाजीसह आम्ही तिघं खात्यात गेलो. तीन वाजता टेंडरची पेटी बंद झाली. वरदहस्तचा माणूस गोविंदा म्हणून आहे, गळ्यात सोन्याची साखळी. त्याने दामाजीला डोळ्याने खूण केली. दामाजीनेही मान हलवली. मी विचारलं, "ओळख आहे वाटतं?"

"एकाच डबेवालीकडनं जेवतो, बाई."

वेळेसकट लिहून ठेवलं.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

जे व्हायला नको तेच झालं. आज पहिले लिफाफे फुटले. अधिकाऱ्यांनी नावं मोठ्याने वाचली. वरदहस्तचा टीम लीडर: महिपतराव. आमचा टीम लीडर: महिपतराव. सुमती म्हणाली, मागून कोणीतरी फिसकन हसलं.

दोघांपैकी एकाची कागदपत्रं खोटी असणार, सह्या तपासून बघू, असं ठरलंय.

बघाच. माझ्यासमोर सह्या झाल्यात. आमची यादी बघून वरदहस्तवाल्यांनी साहेबांचं नाव घुसवलं आणि बनावट सही ठोकली, हे आंधळ्यालाही दिसेल. यादी त्यांना कोणी दाखवली, तेही.

१६ फेब्रुवारी, बुधवार

आज सगळ्यांसमोर विचारलं. खालच्या कारखान्याचा मॅनेजर आला होता, चहावाला होता. असू देत म्हटलं.

"झेरॉक्सच्या दुकानात कागद कोणाला दाखवलेस, दामाजी?"

"झेरॉक्सवाला माझा मेवना हाय, बाई. मी तिकडं चाय पितो. त्याला इंग्रजी वाचता पन येत नाय."

"आणि त्या गोविंदाने डोळा का घातला?"

"तुमाला नाय घातला म्हनून राग आला काय?"

चहावाला हसला. मी वही काढून तारखा आणि वेळा वाचून दाखवल्या. दामाजीचा चेहरा उतरत गेला.

"तुमी माझं हे लिवून ठेवलंय?" तो म्हणाला. "आता माझं ऐका. जानेवारीत त्या मंगलवारी मी सायबांकडं नकाशा आनायला गेलेलो. वरांड्यात दोन पार्ट्या सह्यांसाठी बसलेल्या, त्यात हा गोविंदा. साहेब पेपरची पानं पलटल्यासारखे सह्या करत होते. तुमचे साहेब म्हनून मी गप बसलो."

खोटं बोलण्यालाही एक मर्यादा असते. मी त्याला तसं सांगितलं. चोरही म्हटलं.

त्याने शाईची पेनं पुसली, डबीत घातली, डबी सुमतीच्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेला.

"पुलाचे नकाशे आता कोण काढणार, आत्या? तू?" सुमती म्हणाली. 

२४ फेब्रुवारी, गुरुवार

खात्याचं पत्र आलं. तीनदा वाचलं, तिन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं.

महिपतरावांच्या सह्या खात्यातल्या १९८५-८६ च्या फायलींमधल्या सह्यांशी ताडून पाहिल्या. वरदहस्तच्या कागदांवरची एकही सही जुळत नाही. आमच्या अकरा पानांपैकी पहिल्या दहा पानांवरच्या जुळत नाहीत, सबब त्या बनावट दिसतात. अकराव्या पानावरची सही तंतोतंत जुळते, सबब ती खरी आहे. खरी सही एका पानावर घेऊन उरलेली दहा पानं खोटी का जोडली, याचा खुलासा करावा. तुमच्या कंपनीला काळ्या यादीत का टाकू नये, तेही पंधरा दिवसांत कळवावं.

सुमती डोकं धरून बसली. "माझ्या नावावर खोटेपणाचा शिक्का बसला तर मला कोणी गटाराचंही डिझाइन देणार नाही. पण हे झालं कसं? एकच खरी कशी असेल?"

मला माहीत होतं. साहेबांच्या कापऱ्या हाताची सही खोटी ठरली आणि माझी खरी. कारण १९८५-८६ च्या त्या फायलींमध्येही मीच आहे.

मी म्हटलं, "साहेबांना भेटून येते."

२७ फेब्रुवारी, रविवार

साहेब झोपाळ्यावर होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"वरदहस्तला सह्या तुम्हीच दिल्यात, सर?"

"दिल्या असतील. पोरं येतात, मान देतात, आजूबाजूला बसतात. कोणाला नाही म्हणू?"

त्यांचा दोष नाही. ही मालन माणसांना आत सोडते, कॅलेंडरं टांगते. तिच्याच डोक्यातून निघालं असणार. मी तसं सुचवलं, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाई, मी तर पहिल्यापासून नको म्हणतेय. ते ऐकतात का कोणाचं?" सासऱ्याबद्दल हे असं बोलणं!

"मग आपण खात्यात जाऊन सांगू, सर. की जुन्या फायलींत—"

"वेड लागलंय?" ते पटकन म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्याशी त्या आवाजात बोलले नव्हते. मग हसले. "असं करा. एक प्रतिज्ञापत्र टाइप करा. तुमच्या भाचीच्या कागदांवरच्या सगळ्या सह्या माझ्याच आहेत, आजारपणामुळे थोडा फरक पडला. दुसऱ्या कंपनीला मी ओळखतही नाही. ती सुटेल."

"पण त्यावरची तुमची सहीसुद्धा जुळायची नाही, सर."

"तुम्हीच करा ना," साहेब म्हणाले. "तुमचीच चालते."

झोपाळ्याची कडी करकरत होती. मी पिशवी उचलली आणि निघाले. ते दारापर्यंत आले नाहीत. आधीही कधी आले नव्हते, हे आजच ध्यानात आलं.

२८ फेब्रुवारी, सोमवार

प्रतिज्ञापत्र टाइप केलं. एकही खाडाखोड नाही. पेन बाजूला ठेवलंय.

सही केली तर सुमती सुटते. खात्यातल्या कोणाच्याही बापाला कळणार नाही. वरदहस्तवाले काळ्या यादीत जातील. त्यांनी सही बनावट केली नव्हती, साहेबांनीच दिली होती. पण त्यांच्यासाठी मी का रडू?

नाही केली, तर मी सरकारी नोकर असताना वरिष्ठांच्या सह्या केल्या, हे मला सांगावं लागेल. पेन्शन त्यावर आहे. आणि साहेबांचं नाव.

पेन अजून बाजूलाच आहे.

१ मार्च, मंगळवार

दामाजी खरं बोलला होता. मला त्याच्या घरी जायची गरज नव्हती, पण गेले.

कोळीवाड्यात त्याची आई आवडाबाई अंगणात सुकवायला जवळा पसरत होती. मी कोण ते सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"तू काय गो ती वहीवाली? माज्या पोराचं चाय प्यायचं टाइम लिवनारी? ये. बस. आता माजं पन लिव. सकाळपासनं जवळा पसरतंय, अजून चाय नाय प्यायले."

दामाजी बाहेर आला. मी म्हटलं, "चूक झाली. तू सांगितलंस ते खरं होतं."

"बरं," तो म्हणाला.

"कामावर ये."

"बाई, तुमी मला चोर म्हनालात चार लोकांत. मॅनेजर होता, चायवाला होता. माफी मागायला आलात माझ्या दारात, इकडं कोन हाय? आई आनि मांजर." तो रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "आळ चार लोकांत घातला ना, मग चार लोकांतच काढायचा. लिवायची एवढी हौस हाय तर लिवून द्या."

आवडाबाईने चहा दिला. कपात दूध नव्हतं. मी सगळा प्यायले.

२ मार्च, बुधवार

सुमतीला सगळं सांगितलं. अकरावं पान, जुन्या फायली, झोपाळ्यावरचं बोलणं, प्रतिज्ञापत्र. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने प्रतिज्ञापत्र वाचून खाली ठेवलं.

"तू स्वतः त्यांच्या सह्या करत होतीस," ती म्हणाली, "आणि दामाजीला चोर म्हणालीस."

 मग म्हणाली, "तुझी पेन्शन जाईल, आत्या. नको सांगूस. मी काळ्या यादीत जाते, नोकरी बघते कुठेतरी."

माझ्या जिवावर हुतात्मा व्हायची गरज नाही, असं मी तिला सांगितलं आणि प्रतिज्ञापत्र तिच्यासमोर फाडलं. मग मशीनला नवा कागद लावला.

४ मार्च, शुक्रवार

खात्यात जाऊन साहेबांच्याच जुन्या खोलीत बसले. आता तिथे चाळिशीतला एक अधिकारी आहे, चांगला शिकलेला. टाइप केलेलं पत्र आणि त्याची नक्कल पिशवीत ठेवून आधी तोंडी सांगितलं. तो हसला. "बाई, भाचीसाठी कोणीही असं म्हणेल."

मी त्याच्याच पॅडवर साहेबांची सही करून दिली. त्याने फाइल उघडली. सही बघितली, फाइल बघितली, पुन्हा सही बघितली. मग उठून दार लावलं.

"या फायलीत काय आहे, माहीत आहे तुम्हाला? दोन पुलांच्या मंजुऱ्या. त्या पुलांवरून रोज ट्रक जातात. तुमचं हे ऐकलं तर मला सगळं उकरावं लागेल." त्याने पॅडवरचा कागद फाडून खिशात घातला. "तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. भाचीला सांगा, चूक झाली म्हणून लिहून दे. दोन वर्षांसाठी काळ्या यादीत टाकू, कायमचं नाही. चहा घेणार?"

चहा नको म्हटलं.

ऐकलं नाही म्हणे! याच इमारतीत माझी पस्तीस वर्षं गेली. इथे तोंडाने सांगितलेलं कोणीच ऐकत नाही. पण ज्या कागदाला आवक क्रमांक पडला, तो ऐकला नाही असं म्हणायला पुढे कोणालाही पेनाने कारण लिहावं लागतं.

तळमजल्यावर आवक-जावकच्या खिडकीशी गेले. तिथे मंजुळा नावाची मुलगी बसते. खिडकीपुढे सात-आठ ठेकेदारांची माणसं होती, गोविंदाही होता. मी पत्र पुढे केलं.

तिने वाचायला सुरुवात केली आणि थांबली. "बाई, हे... हे नक्की घ्यायचंय?"

"मोठ्याने वाच," मी म्हटलं.

"मोठ्याने?"

"इथे सगळे कानाने जरा अधू आहेत."

तिने वाचलं. की १९८२ ते १९८७ या काळात महिपतरावांच्या नावाच्या बहुतेक सह्या मी केल्या, त्यांच्या सांगण्यावरून. की आमच्या टेंडरमधली दहा पानं त्यांच्या हातची आहेत आणि अकरावं माझ्या. सुमतीला त्यातलं काही माहीत नव्हतं. की वरदहस्तच्या कागदांवरच्याही सह्या त्यांनीच केल्या, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. आणि की यासंदर्भात मी दामाजी या नकाशाकाराला चार लोकांसमोर चोर म्हटलं, ते खोटं होतं.

मंजुळाचा आवाज शेवटी अगदी बारीक झाला होता. गोविंदा पुढे सरकून म्हणाला, "आयला, बाई!" पण रागाने नाही.

"शिक्का मार," मी म्हटलं.

तिने मारला. आवक क्रमांक ६१२. पोचीची प्रत घेऊन बाहेर आले. पायरीवर जरा बसले.

१६ मार्च, बुधवार

चार गोष्टी एकाच दिवशी.

सकाळी खात्याचं पत्र: प्रशासकीय कारणास्तव टेंडर रद्द, दोन्ही कंपन्यांना दिलेल्या नोटिसा मागे. काम पुन्हा जाहीर होईल. सुमतीने पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून रडली. पुढच्या वेळी टीम लीडर कोण, हा प्रश्न आहेच. खरोखर काम करणारा माणूस शोधते म्हणाली. मार्चअखेरचं कसं निभणार ते तिला माहीत नाही, मलाही नाही.

दुसरं पत्र माझ्या नावाचं. चौकशी नेमली आहे, तोवर पेन्शनबाबतचा निर्णय राखून ठेवला आहे. अपेक्षा होती. तारीख घालून फायलीला लावलं.

दामाजी दहा वाजता येऊन बसला होता. मी दिलेली पोचीची प्रत त्याने कारखान्याच्या मॅनेजरला वाचून दाखवली, मग चहावाल्याला. चार वाजता उठला, माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "झेरॉक्सला चाललो, बाई. चार वाजून दोन मिन्टं. लिवा." मी वही त्याच्याच हातात दिली. त्याने ती कागदांच्या गुंडाळीत घातली आणि नेली.

तो गेल्यावर फोन वाजला. मालन होती. "साहेबांना तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "फार चिडलेत. तुम्ही पत्र मागे घ्यावं म्हणतात. बरं केलंत, बाई." मागे त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. बावीस वर्षं तो ऐकला की मी पॅड घेऊन उभी राहत असे.

"त्यांना सांग, जे काही म्हणायचंय ते लेखी कळवा," मी म्हटलं. "आणि खाली सही त्यांनी स्वतः करायची."